शूर दगडात, बढाईखोर बोलण्यात

इ. स. ७७८च्या ऑगस्टमध्ये फ्रँक राजा शार्लमेनचं सैन्य स्पेनमधून परतताना पिरेनीजच्या खिंडीत बास्क लोकांनी त्याची पिछाडी कापून काढली. राजाचा चरित्रकार आइनहार्ड तिथे पडलेल्या सरदारांची तीन नावं देतो. ब्रिटनीच्या सीमेवरचा अंमलदार रोलांड हे त्यांतलं एक. सुमारे सव्वातीनशे वर्षांनी रचलेल्या चार हजार ओळींच्या फ्रेंच काव्यात बास्कांच्या जागी मुसलमान फौजा आल्या, सावत्र बापाची फितुरी आली, आणि मित्र ऑलिव्हर विनवत असतानाही मदतीचं शिंग फुंकायला नकार देणारा मानी रोलांड उभा राहिला. कीर्ती युरोपभर झाली खरी, पण रोजच्या बोलण्यात त्याच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. बोलीने उचलले ते पुढच्या कवींनी त्याच्यासमोर उभे केलेले शत्रू, आणि तेही बढाईखोर म्हणून.

रोलांडला मान मिळाला तो चौकात. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या बाजारचौकात १४०४ साली त्याचा पाच मीटरहून उंच दगडी पुतळा उभारला गेला. आधीचा लाकडी पुतळा १३६६मध्ये आर्चबिशपच्या माणसांनी जाळला होता. नव्याचं तोंड कॅथीड्रलकडेच केलं. या शहराला स्वातंत्र्य शार्लमेनने दिलंय, असं त्याच्या ढालीवर कोरलेलं आहे. व्यापाऱ्यांच्या हक्काची ही सनदच म्हणायची. पण सनद जपून ठेवतात, भांडणात कुणाच्या तोंडावर फेकत नाहीत.

फेकायला नावं पुरवली ती इटलीने. इटालियनमध्ये ओर्लांदो म्हटल्या जाणाऱ्या रोलांडवर बोयार्दोने पंधराव्या शतकाच्या अखेरीस आणि अरिओस्तोने १५१६मध्ये दीर्घ काव्यं रचली. बोयार्दोचा ग्रादास्सो हा दूर पूर्वेचा राजा, ओर्लांदोची तलवार आणि रिनाल्दो या सरदाराचा घोडा हवा म्हणून दीड लाखाची फौज घेऊन निघालेला. आजही इटलीत कुणी शेखी मिरवू लागला की 'ग्रादास्सोगिरी नको' असं सुनावतात. सुनावणाऱ्याला तो राजा ठाऊक असतोच असं नाही. अशाच दुसऱ्या शत्रूवर, रोदोमोन्तेवर, तर अन्यायच झाला. अरिओस्तोच्या काव्यात तो एकटा पॅरिसच्या तटाआत घुसून हाहाकार उडवतो, म्हणजे बोलतो ते करून दाखवतो. तरी फ्रेंच-इंग्रजीत त्याच्या नावाने पोकळ वल्गना ओळखल्या जातात. याचं कारण मला काव्यापेक्षा राजकारणात दिसतं. सोळाव्या शतकात इटली आणि फ्लँडर्समध्ये स्पॅनिश फौजा ठाण मांडून होत्या, आणि त्यांच्या कप्तानांच्या गमजा सगळीकडे चघळल्या जात. ब्रान्तोम या फ्रेंच लेखकाने स्पॅनिश बढायांचा संग्रहच केला आणि त्याला नाव दिलं ते रोदोमोन्तेवरून. डोक्यावर बसलेल्या शिपायाची टर उडवायला हे परकं, काव्यातलं नाव सोयीचं पडलं.

यावर कुणी म्हणेल, इंग्रजीत 'ऑलिव्हरला रोलांड' ही म्हण आहेच की. आहे, पण तिचा अर्थ ठोशास ठोसा. दंतकथेतलं दोघांचं द्वंद्व बरोबरीत सुटलं एवढंच तिने ठेवलं, शौर्य गाळून टाकलं. आर्थरच्या दरबारातला निष्कलंक गॅलहॅड हा आक्षेप अधिक वजनदार, कारण त्याचं नाव स्तुतीसाठी खरोखर वापरतात. मात्र बायकांपुढे मदतीचा आव आणणाऱ्यालाही तेच नाव उपरोधाने चिकटवतात. इटालियनमध्ये न्यायासाठी झगडणाऱ्याला 'पालादिनो' म्हणतात, तो निखळ गौरव. पण ती शार्लमेनच्या सरदारांची पदवी आहे, कुणा एकाचं नाव नव्हे.

सिसिलीच्या कठपुतळ्यांच्या खेळात ओर्लांदोवर लोकांचं अपार प्रेम, हेही मान्य. पण त्याच खेळात त्याचा फितूर सावत्र बाप गानो मंचावर आला की प्रेक्षक शिव्या देत, हाताला येईल ते त्याच्या बाहुलीवर भिरकावत.