पडद्यामागील हिशेबनीस

घरोघर कोण काय ऐकतो व काय पाहतो, हें जाणण्याची जाहिरातदारांची उत्कंठा आजकालची नव्हे. आर्थर नील्सन या अमेरिकन व्यावसायिकानें १९३६ सालीं ‘ऑडिमीटर’ नामक यंत्र विकत घेतलें, आणि १९४२ पासून तें निवडक घरांतील रेडिओला नियमानें जोडलें जाऊं लागलें. कांटा कोणत्या केंद्रावर किती वेळ होता, हें त्यांतील फितीवर उमटे. मात्र ही पेटी घरधन्याच्या संमतीनें बसे. आपल्या रेडिओवर पहारा आहे हें त्यास ठाऊक असे.

संमतीवांचून काय घडतें, याचा अनुभव अमेरिकेस १९८७ सालीं आला. न्यायमूर्ति रॉबर्ट बोर्क यांचें नांव सर्वोच्च न्यायालयासाठीं सुचविलें गेलें असतां, वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकानें त्यांच्या घरीं भाड्यानें आणलेल्या १४६ चित्रपटांची यादी मिळवून छापली. यादींत लाजिरवाणें कांहींच नव्हतें. तरी लोकप्रतिनिधि हादरले. बहुधा प्रत्येकास स्वतःची यादी आठवली असावी! ग्राहकाच्या संमतीशिवाय अशी माहिती उघड करूं नये, असा कायदा १९८८ सालीं झाला. परंतु कायदा करणारांच्या डोळ्यांपुढें फितींचा दुकानदार होता. हिशेबनीस खुद्द पडद्यामागें येऊन बसेल, हें कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें.

इंटरनेटला जोडलेल्या ‘स्मार्ट’ टीव्हीनें तेंही घडविलें. व्हिझिओ या अमेरिकन कंपनीविरुद्ध तेथील फेडरल ट्रेड कमिशन व न्यू जर्सी राज्य यांनीं ६ फेब्रुवारी २०१७ रोजीं दाखल केलेली फिर्याद या दृष्टीनें वाचनीय आहे. फिर्यादींतील आरोप असा कीं, फेब्रुवारी २०१४ पासून कंपनीच्या संचांनीं पडद्यावरील चित्राचे निवडक ठिपके क्षणोक्षणीं टिपून बाहेर धाडले. हे ठिपके साठविलेल्या चित्रांशीं ताडून पाहिले कीं कार्यक्रम ओळखूं येई; मग तो केबलवरचा असो, तबकडीवरचा असो वा अँटेनावरचा. पूर्वी विकलेल्या संचांतही ही योजना दुरूनच बसविली गेली. एकूण संच एक कोटी दहा लक्ष! जमलेली माहिती वय, उत्पन्न, विवाह, शिक्षण इत्यादि तपशिलांशीं जोडण्याची सोय करून इतरांस विकली जाई. आणि या साऱ्याचें संचावरील नांव काय? ‘स्मार्ट इंटरॅक्टिव्हिटी’. नांवावरून कोणा घरधन्यास पहाऱ्याचा संशय यावा?

कंपनीनें बावीस लक्ष डॉलर देऊन तडजोड केली. १ मार्च २०१६ पूर्वींची माहिती नष्ट करणें व यापुढें स्पष्ट संमति घेणें तिजवर बंधनकारक झालें. योगायोग असा कीं त्याच वर्षीं, २४ ऑगस्ट २०१७ रोजीं, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला.

अशी टिपणी करणारे संच व्हिझिओचेच असतात असें नव्हे. सॅमसंगच्या संचांत ती ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’, तर एलजीच्या संचांत ‘लाइव्ह प्लस’ या नांवाखालीं आढळते. सेटिंग्जच्या यादींत खोल शिरून ती बंद करतां येते. तितका खटाटोप नको असेल, तर संचाचा इंटरनेटशीं संबंधच तोडावा. अँटेनावरचीं चित्रें पूर्ववत् दिसतात, आणि टिपणास बाहेर पडावयास वाट राहात नाहीं.