काळ्या दारूची शस्त्रे व त्यांची निगा : यावल आणि सातपुडा परिसराच्या संदर्भात (1818 ते 1878)

प्रस्तावना :
खानदेशच्या एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासात लढाया, बंडे व तह यांची नोंद विपुल आढळते. शस्त्र लढाईनंतर कोणी, कशाने आणि किती वेळात साफ केले याचा विचार मात्र क्वचितच होतो. वास्तविक काळ्या दारूच्या काळात शस्त्राची निगा ही केवळ शिस्तीची बाब नव्हती. शस्त्र दुसऱ्या दिवशी चालेल की नाही, हे तिच्यावर ठरत असे.

दारूचा स्वभाव :
सुमारे 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा व 10 भाग गंधक असे बंदुकीच्या दारूचे प्रमाण असे. जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. पोटॅशियमच्या क्षारांचा हा काळा थर हवेतील ओल शोषून लोखंड गंजवतो. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून नळी आधी गरम पाण्याने धुणे, पूर्ण कोरडी करणे व नंतरच तेलाचा हात देणे हा क्रम आवश्यक होता. न धुता तेल लावल्यास गंज तेलाखाली वाढत राहतो. तेलाची निवडही महत्त्वाची होती. जवसाचे तेल सुकून चिकट होते. ते लाकडी दस्त्यास हितकारक, परंतु चापाच्या यंत्रणेस अपायकारक ठरते.

तोड्याच्या बंदुकीत ही कामे सोपी होती. नळी, रंजक पेटवण्याचा कान, जळती जामगी पकडणारा घोडा व चाप एवढेच तिचे मुख्य भाग. गज, चिंधी, पाणी आणि कान मोकळा करण्यास बारीक तार असली की काम भागत असे. जुनी म्हणून हिणवली गेलेली ही बंदूक दीर्घकाळ का टिकली, याचे एक कारण येथे सापडते. तथापि सातपुड्याच्या पावसाळ्यात जामगी विझे व रंजक ओले होई. अशा वेळी भिल्लांचे धनुष्य अधिक भरवशाचे होते. त्यास मागासलेपणाचे चिन्ह मानणे अन्यायाचे ठरेल.

रिव्हॉल्वर : नवे शस्त्र, वाढलेली निगा :
कोल्ट व अ‍ॅडम्स यांची 1851 ची रिव्हॉल्वरे इंग्रज अधिकारी बहुधा स्वखर्चाने घेत. सिलिंडरच्या प्रत्येक कप्प्यात दारू व गोळी ठासून मागे टोपी बसवावी लागे. कप्प्याच्या तोंडाशी चरबी किंवा मेण लावल्याने राळ मऊ राही आणि एका कप्प्याची आग शेजारच्या कप्प्यात जाण्याचा धोका कमी होई. काही फैरींनंतर राळ आसाभोवती साचून सिलिंडर फिरेनासा होई. कोल्टची पाचर काढली की नळी व सिलिंडर वेगळे होत. मग प्रत्येक कप्पा धुणे, टोपी बसण्याच्या पोकळ खुंटीचे छिद्र मोकळे करणे व आसास वंगण देणे अशी कामे असत. पाच-सहा बार हाती आले, पण धुण्याच्या जागाही तितक्याच वाढल्या.

वंगणाचा हा प्रश्न किती स्फोटक होता हे 1857 मध्ये दिसले. एन्फिल्ड काडतुसास चरबी लावण्यामागे गोळी सुलभ उतरावी व राळ मऊ राहावी हा तांत्रिक हेतू होता. शिपायांना त्यात धर्मभंग दिसला. जानेवारी 1857 मध्ये काडतुसे वंगणाविना देऊन शिपायांनी स्वतःच्या पसंतीचे वंगण लावावे असा आदेश निघाला, परंतु विश्वास परत आला नाही.

खानदेशातील चित्र :
1818 च्या जूनमध्ये मालेगावच्या वेढ्यात किल्ल्यातील दारूकोठार उडाले आणि खानदेश कंपनीच्या हाती गेला. निंबाळकरांच्या किल्ल्याचे यावल मात्र पुढे शिंद्यांकडे जाऊन 1843-44 च्या सुमारास पुन्हा कंपनीकडे आले. दरम्यान 1825 मध्ये आउट्रमने भिल्ल पलटण उभारली. धरणगाव हे तिचे ठाणे झाले. कवायती पलटणीत शस्त्राची सफाई ही रोजची, तपासली जाणारी कामगिरी असते. डोंगरातील नाईकांकडे सोरा, शिसे व दारू यांचा असा नियमित पुरवठा नव्हता. एप्रिल 1858 मध्ये अंबापाणी येथे खाज्या नाईक व भीमा नाईक यांच्या अनुयायांची इंग्रज फौजेशी गाठ पडली, तेव्हा त्या फौजेत भिल्ल पलटणही होती. एकाच समाजाचे लोक दोन्ही बाजूंस उभे होते. एका बाजूस कोठार होते, दुसऱ्या बाजूस डोंगर. शौर्याच्या वर्णनात हा भेद झाकला जातो.

1878 च्या शस्त्र कायद्याने बंदुकीबरोबर दारूगोळाही परवान्याच्या कक्षेत आणला. घरी बंदूक असणे व ती चालती ठेवणे या दोन्ही गोष्टी सरकारच्या मर्जीवर आल्या. शस्त्र राखण्याचे ज्ञान पिढीजात होते. ते वापराविना लोपणे स्वाभाविक होते. स्वातंत्र्योत्तर 1959 च्या कायद्यात पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची स्वतंत्र तरतूद आढळते. यावल परिसरात 1969 मध्ये अभयारण्य झाल्याने आणि 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आल्याने त्या बंदुकीचा अर्थही बदलला.

जुन्या वाड्यातील वा संग्रहालयातील अशा शस्त्राबाबत पहिली खबरदारी सफाईची नसून तपासणीची आहे. नळीत शंभर वर्षांपूर्वी ठासलेली दारू कोरडी राहिली असल्यास ती आजही पेट घेऊ शकते. गज नळीत किती आत जातो हे बाहेरील लांबीशी ताडून जाणकाराने पाहावे, आणि तोवर नळीचे तोंड कोणाच्याही दिशेने नसावे. गंज खरवडून शस्त्र चकचकीत करण्याचा मोहही टाळावा. कारागिराच्या खुणा व कोरलेली अक्षरे बहुधा त्याच थराखाली असतात.