‘हो’ या शब्दाचा अर्थ

दारात शेजारी दिसला की आपण “काय, कसं काय?” असे विचारतो. त्याने त्यावर आपल्या पोटदुखीचा इतिहास सांगावा अशी आपली मुळीच इच्छा नसते. संभाषणातला हा अलिखित करार ज्यांना कोणी समजावून दिलेला नाही आणि आपोआप उमगतही नाही, अशा मुलांविषयी आज बोलावयाचे आहे. त्यांच्या स्थितीला मराठीत स्वमग्नता म्हणतात.

मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२६ साली अशा मुलांचे वर्णन जर्मन भाषेत प्रसिद्ध केले होते. पण जगाचे लक्ष गेले ते बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या डॉक्टरांच्या १९४३ च्या निबंधाकडे. त्यात अकरा मुले आहेत. पहिला डोनाल्ड, मिसिसिपीतल्या एका वकिलाचा मुलगा. १९३८ मध्ये तो कॅनर यांच्याकडे आला, त्यापूर्वी वडिलांनी ३३ टंकलिखित पानांची हकीकत धाडली होती. वकिलालाच साधावे असे हे काम!

या डोनाल्डला वडिलांनी ‘हो’ म्हणायला शिकविले. “हो म्हणालास तर खांद्यावर घेईन,” असे ते म्हणाले. मुलगा ‘हो’ शिकला. परंतु त्या दिवसापासून ‘हो’ म्हणजे ‘मला खांद्यावर घ्या’, एवढाच अर्थ ठरला. यात चूक कोणाची? शब्द ज्या प्रसंगी हाती आला, त्या प्रसंगासकट त्याने तो जपून ठेवला. तो स्वतःला ‘तू’ म्हणे, कारण इतर लोक त्याला ‘तू’च म्हणत. दुसरा एक मुलगा पातेल्यासारखे भांडे दिसले की ‘पीटर ईटर’ म्हणे. ऐकणाराला हे निव्वळ बरळणे वाटावे. आईला मात्र आठवत होते की, पीटरचे बालगीत म्हणून दाखविताना तिच्या हातून पातेले पडले होते. १९४६ साली कॅनर यांनी दाखवून दिले की, असे बोलणे निरर्थक नव्हे. त्याचा उगम ठाऊक असलेला श्रोता तेवढा हवा.

इतके बारीक कान देणाऱ्या याच गृहस्थांनी पुढे आईबापांच्या थंडपणावर बोट ठेवावे, हे दुर्दैव. कितीएक माता तो डाग वर्षानुवर्षे उरी बाळगून राहिल्या. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशाच एका मुलाचा बाप होता, या आरोपाला ग्रंथरूपाने उत्तर दिले. पुढे २०१२ साली स्वतः स्वमग्न असलेल्या डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने प्रश्नच उलटा केला : ही मुले आपल्याला समजून घेत नाहीत म्हणता, पण आपण तरी त्यांना कोठे समजतो?

डोनाल्ड मोठा होऊन गावच्या बँकेत नोकरीस लागला, गोल्फ खेळला, एकटा देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. ओळखीच्या माणसांना तो एकेक आकडा बहाल करीत असे. कितीएक वर्षांनी कोणी “माझा आकडा कोणता?” असे विचारले, तर तो अचूक सांगे.