चिठ्ठीवरचे 'घे'

डॉक्टरांकडून आपण औषधाची चिठ्ठी घेऊन येतो. तिच्या डाव्या बाजूला एक खूण असते. रोमन 'आर' अक्षर आणि त्याच्या लांबवलेल्या पायावर तिरकी काट. आपण तिला 'आरएक्स' म्हणतो. वर्गात एका मुलाने मला विचारले, "सर, यातला एक्स कशाचा?"

खरे सांगायचे तर तिथे एक्स नाहीच. 'रेकिपे' हे लॅटिन आज्ञार्थी क्रियापद, अर्थ 'घे'. मध्ययुगीन युरोपात लेखनिक लांब शब्द तोडीत आणि तोडल्याची खूण म्हणून अक्षरावर रेघ मारीत. आपल्या पत्रांतून 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष'चे 'सा. न. वि. वि.' झाले, त्यातलाच हा प्रकार. कोणी या खुणेत इजिप्तच्या होरस देवाचा डोळा पाहतात, कोणी गुरू ग्रहाचे चिन्ह. कथा मोठ्या गोड. पण साधे उत्तर हाताशी असता इतके दूर जाण्याचे कारण नाही.

आता हे 'घे' म्हटले कोणाला? रोग्याला नव्हे, औषध बनविणाऱ्याला! अमुक मूळ इतके घे, तमुक अर्क इतका घे. मग 'मिस्के', म्हणजे मिसळ. शेवटी 'सिग्ना', म्हणजे बाटलीवर लिही. रोग्याने काय करायचे, ते या शेवटच्या शब्दापुढे येई. स्वयंपाकातली 'रेसिपी' हाच शब्द. तो औषधांकडून चुलीकडे गेला.

आपल्याकडे कंपाउंडर मिक्श्चरच्या बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवीत असे. अक्षरशत्रूलाही तिच्या खाचांवरून डोस कळे. पुढे गोळ्या कारखान्यातून तयार येऊ लागल्या. मिसळणारा गेला, खूण मात्र राहिली. आणि तिच्यासोबत 'बीडी', म्हणजे दिवसातून दोनदा, 'टीडीएस', म्हणजे तीनदा, ही लॅटिन आद्याक्षरेही राहिली.

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. 'क्यूडी' म्हणजे रोज एकदा, 'क्यूआयडी' म्हणजे रोज चारदा. मधला टिंब 'आय' वाटला, तर औषध चौपट होते! म्हणून अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ साली 'क्यूडी' हे वर्ज्य संक्षेपांच्या यादीत घातले. भारतीय वैद्यक परिषदेनेही २०१६ साली औषधांची नावे सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, असा नियम केला.

तेव्हा ती जुनी खूण खुशाल राहो. पण ते 'घे' मुळात आपल्याला उद्देशून नव्हते, एवढे ध्यानात ठेवावे आणि उठण्यापूर्वी संकोच न करता विचारावे, "डॉक्टरसाहेब, यातले मी काय घ्यायचे, आणि किती वेळा?"