पोक आणि पीळ

कणा पुढे झुकला की त्याला पोक म्हणतात. तो डावी-उजवीकडे वळून स्वतःभोवती पिळला गेला, की स्कोलिओसिस. घरच्या बोलण्यात दोन्ही एकच, आणि ‘ताठ बस’ हा उपायही एकच. पण हा पीळ वाकून बसल्याने किंवा दप्तराच्या ओझ्याने येत नाही. बहुतेक मुलांत त्याचे कारण सापडतच नाही.

गावोगावच्या तालमींत जोर-बैठका होत्या. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. शरीर कमावण्यासाठी हे व्यायाम उत्तम. मात्र ते दोन्ही अंगांना सारखेच राबवतात. पिळलेल्या पाठीत एक बाजू फुगलेली, दुसरी दबलेली असते, म्हणून तिला दोन्हीकडे वेगवेगळी मेहनत लागते. काटारीना श्रॉट यांना स्वतःलाच हा विकार होता. 1921 मध्ये जर्मनीत मायसेन येथे त्यांनी दबलेल्या बरगड्यांत श्वास भरण्याचे व्यायाम शिकवायला सुरुवात केली. पुण्यात 1937 पासून योग शिकवणारे बी. के. एस. अय्यंगार दोर, पट्टे, विटा आणि खुर्च्या यांच्या आधाराने प्रत्येकाच्या व्यंगाप्रमाणे आसन बदलत गेले.

व्यायामाने उपचार करण्याच्या विद्येला आज फिजिओथेरपी म्हणतात. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात ती रुजण्याची वाट साखरेतून गेली. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीजवळ प्रवरानगरला उभारलेला सहकारी कारखाना 1950 मध्ये सुरू झाला. त्याच परिसरात 1972 मध्ये प्रवरा मेडिकल ट्रस्ट, पुढे रुग्णालय, 1984 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आणि नंतर अब्दुल कलामांच्या नावाचे फिजिओथेरपी महाविद्यालय आले. नगरजवळ विळद घाटातही विखे पाटील फाउंडेशनचे असे महाविद्यालय आहे. मुंबईत केईएम रुग्णालयात 1950 च्या दशकात सुरू झालेले हे शिक्षण अशा रीतीने उसाच्या पट्ट्यात पोहोचले.

व्यायामाची मर्यादाही स्पष्ट आहे. क्ष-किरणात वळण 10 अंशांहून कमी असेल, तर त्याला स्कोलिओसिस म्हणत नाहीत. सौम्य वळणात व्यायामाने स्नायूंना बळ येते, श्वास आणि बसणे-उठणे सुधारते. पक्का झालेला बाक मात्र त्याने सरळ होत नाही. वाढत्या वयात वळण साधारण 25 अंशांपुढे गेले, की पाठीला आधाराचा पट्टा (ब्रेस) लागतो; 45-50 अंशांपुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. म्हणून दहा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना ओणवे करून मागून पाहावे. पाठीची एक बाजू उंच दिसली, तर ‘ताठ बस’ म्हणत न बसता डॉक्टरांना दाखवावे.