चाकोरी

मराठीत ‘चाकोरी’ हा शब्द आपण थोड्या तुच्छतेनेच वापरतो. चाकोरीबाहेरच्या माणसाचे तेवढे कौतुक. पण नव्वदच्या दशकात भामरागडहून लाहेरीकडे जीपने जाताना या शब्दाचा मूळ अर्थ मला कळला. चाकांनी कोरलेली वाट ती चाकोरी. तीही बैलगाडीच्या चाकांनी कोरलेली. जीपच्या चाकांतले अंतर तिच्याशी जुळत नाही. मग एक चाक घळीत, दुसरे उंचवट्यावर, आणि आत बसलेला माणूस कलंडलेला. नाला आला की चालक आधी पोराला पाण्यात उतरवायचा. पाणी त्याच्या गुडघ्याखाली असेल तरच गाडी पुढे. वाळूत मात्र थांबायचे नाही. थांबलात की रुतलात. दोर आणि कुऱ्हाड नेहमी सोबत.

श्रोतेहो, रस्ता कुठून कुठे जातो हे आपण विचारतो. तो कशासाठी निघाला हे क्वचितच विचारतो. या मुलखात पहिला रस्ता नदीचा होता. सिरोंचा १८६० मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आले आणि अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे झाले. त्याच काळात सर आर्थर कॉटन यांच्या कल्पनेतून समुद्रापासून वर्धा नदीपर्यंत नावा चालवण्याची योजना आखली गेली. दुम्मागुडेम, इंचमपल्ली, देवलमरी इथल्या खडकाळ पात्रांनी तिची वाट अडवली. पैसा पाण्यात गेला आणि १८७१ च्या सुमारास काम बंद पडले. १८७४ मध्ये तो जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडले गेले. नावा वर आल्या नाहीत; अहेरीच्या जंगलातले सागवान मात्र प्राणहिता आणि गोदावरीच्या प्रवाहातून खाली जात राहिले. पुढे जंगलात गाडीवाटा झाल्या, त्याही मुख्यतः लाकडासाठी. माणसाला दवाखान्यात नेण्यासाठी त्या निघाल्याच नव्हत्या.

बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. पावसाळ्यात तिथला बाहेरच्या जगाशी संबंधच तुटायचा. माडिया माणूस आपला रुग्ण खाटेवर घालून खांद्यावरून आणायचा. खाटेला चाकोरी लागत नाही, पायवाट पुरते. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. तरीही सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरच्या आसपासच राहिले.

रस्ता नसल्याचे दुःख आपल्याला पटकन कळते. रस्त्याची भीती मात्र कळत नाही. जंगलातल्या माणसाने रस्त्यावरून आधी लाकूड बाहेर जाताना पाहिले, नंतर सूरजागडचे लोहखनिज. त्याच रस्त्याने बंदूकही आली, दोन्ही बाजूंची. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहने माओवाद्यांनी जाळली. तिकडे निघालेल्या पोलिसांची गाडी जांभूळखेड्याजवळ स्फोटात उडाली. पंधरा पोलीस आणि गाडीचा चालक असे सोळा जण गेले. त्या चालकाचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्याच्या हातात बंदूक नव्हती, स्टिअरिंग होते.

१ जानेवारी २०२५ ला गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या रस्त्यावर एसटी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच. दुसरीकडे, पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद व्हायची, ती २०२४ च्या पावसाळ्यातही झालीच.

डांबर किती किलोमीटर पडले यावर आपण प्रगती मोजतो. मला वाटते, बसमध्ये बसलेली माणसे मोजावीत. बाजाराला निघालेली बाई, आश्रमशाळेतून सुटीला घरी जाणारे पोर, तापाने फणफणलेले मूल घेतलेली आई. दीडशे वर्षे इथल्या वाटांनी माल बाहेर नेला. ज्या दिवशी त्या वाटेने माणूस स्वतःच्या इच्छेने जाईल आणि स्वतःच्या इच्छेने घरी परत येईल, त्या दिवशी जुनी चाकोरी मोडली असे म्हणता येईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)