अधिक चिन्हामागचा माणूस

१ मे १९३३ रोजी मुंबई आणि लंडन यांच्यात रेडिओ टेलिफोन सुरू झाला. तेव्हा परदेशातून फोन कुणाचा आलाय, हे ओळखण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मधे माणूस बसलेला असायचा. ऑपरेटर आधी सांगणार, मग जोडणार. पुढे ट्रंक कॉलच्या काळातही तेच. ज्यांच्या घरी फोन नसे ते शेजाऱ्याचा नंबर देत आणि त्यापुढे ‘पी.पी.’ असं लिहीत. म्हणजे फोन कुणाचा हे आधी शेजारच्या काकूंना कळायचं, मग त्यांच्या हाकेमुळे अख्ख्या गल्लीला, आणि शेवटी आपल्याला.

१९७६ साली भारतातून आयएसडी सुरू झालं आणि हा मधला माणूस हळूहळू उठून गेला. त्याच्या जागी यंत्र आलं. यंत्राला लंडन कळत नाही, आकडे कळतात. त्या आकड्यांची वाटणी १९६४मध्येच झाली होती. संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेच्या एका समितीने जगाचे नऊ विभाग पाडले. १ उत्तर अमेरिका, २ आफ्रिका, ३ आणि ४ युरोप, ५ दक्षिण अमेरिका, ६ आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडचा भाग, ७ सोव्हिएत संघ, ८ पूर्व आशिया आणि ९ म्हणजे तुर्कस्तानपासून ब्रह्मदेशापर्यंतचा पट्टा. आपल्याला ९१ मिळाला, पाकिस्तानला ९२, अफगाणिस्तानला ९३, श्रीलंकेला ९४.

विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करताना ‘प्रीफिक्स कोड’ नावाची गोष्ट मी परीक्षेपुरती वाचली होती. तिचं सगळ्यात सुंदर उदाहरण हेच आहे. कोणत्याही देशाचा कोड दुसऱ्या देशाच्या कोडची सुरुवात नसतो. ९१ भारताचा, म्हणून ९१० ते ९१९ यातला एकही आकडा कुणाला देता येत नाही. यंत्र डावीकडून एकेक आकडा वाचतं आणि देश ठरला की तिथेच थांबतं. आखाती देशांना तीन आकडी कोड आहेत: ९६६ सौदी, ९६८ ओमान, ९७१ अमिराती, ९७४ कतार. म्हणून ९६ किंवा ९७ असा दोन आकडी देशच नाही.

या आकड्यांत इतिहासही गोठलेला असतो. सोव्हिएत संघ संपला, पण रशिया आणि कझाकस्तान अजून ७ वापरतात. चेकोस्लोव्हाकियाचा ४२ फुटून ४२० आणि ४२१ झाला. बांगलादेशाला ८८० मिळाला. लांब कशाला जायचं, आपल्या लँडलाइनचं बघा. नांदेड ०२४६२, लातूर ०२३८२. पैनगंगा ओलांडून यवतमाळला गेलात की ०७२३२. विदर्भ १९५६मध्ये मध्य प्रदेशातून बाहेर पडला, पण त्याचे एसटीडी कोड आजही भोपाळ-इंदूरसारखे ०७नेच सुरू होतात.

मग अनोळखी परदेशी नंबर आला तर देश बघायचा आणि ठरवायचं, एवढं सोपं आहे का? १ने सुरू होणारा फोन अमेरिकेचा असेल, कॅनडाचा असेल किंवा जमैकाचाही. पुढचे तीन आकडे, म्हणजे एरिया कोड, बघितल्याशिवाय कळत नाही. याच गोंधळावर एक जुनी लबाडी उभी राहिली. जपानमध्ये तिला ‘वानगिरी’ म्हणतात, म्हणजे एक रिंग देऊन कट. तुम्ही उलट फोन करता, महागडा आंतरराष्ट्रीय कॉल लागतो आणि त्यातला वाटा समोरच्याला जातो. मिस्ड कॉल म्हणजे ‘पोहोचलो’, ‘खाली ये’, ‘तू लाव, माझा बॅलन्स नाही’ असं आपल्याकडे पिढीभर ठरलेलं होतं. मिस्ड कॉलला उलट फोन लावणं हा आपला शिष्टाचार, आणि लबाडांनी नेमका तोच वापरला.

त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. स्क्रीनवर दिसणारा नंबर म्हणजे फोन करणाऱ्या बाजूच्या नेटवर्कने सांगितलेली माहिती. नेटवर्कना आपसात बोलायला लावणारी एसएस-७ ही पद्धत १९८०च्या सुमारास ठरली, तेव्हा या धंद्यात मोजक्या, बहुतेक सरकारी कंपन्या होत्या. समोरचा खरंच सांगतोय असं धरून ती बांधली गेली. इंटरनेटवरून फोन सुरू झाल्यावर हा विश्वास स्वस्तात विकला जाऊ लागला. फोन परदेशातून, आणि स्क्रीनवर +९१. भारत सरकारने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी असे कॉल अडवणारी यंत्रणा सुरू केली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत सुमारे १.३५ कोटी कॉल अडवले गेले.

भारतीय मुखवटा काढल्यावर लबाड आपल्या परदेशी नंबरांनीच फोन करू लागले. २०२४च्या अखेरीस दूरसंचार विभागाने +७७, +८९, +८५, +८६, +८४ अशा सुरुवातीच्या नंबरांपासून सावध राहायला सांगितलं. आता ही यादी वाचता येते. ७७ कझाकस्तान, ८६ चीन, ८४ व्हिएतनाम. ८५ अपुरा आहे: ८५२ हाँगकाँग, ८५५ कंबोडिया, ८५६ लाओस. आणि ८९? तो कुठल्याच देशाचा नाही. म्हणजे तो नंबर देशच खोटा सांगतोय.

कंबोडियापाशी मी थांबतो. मार्च २०२४मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने तिथून सुमारे २५० भारतीयांची सुटका केल्याचं सांगितलं. नोकरीच्या आमिषाने नेलेली, पासपोर्ट काढून घेतलेली, लोकांना फसवायला बसवलेली ही माणसं. ‘मी पोलीस खात्यातून बोलतोय’ म्हणणारा आवाज कदाचित माझ्यासारखीच डिग्री घेऊन नोकरी शोधत निघालेल्या पोराचा असू शकतो. नंबर ओळखणाऱ्या कोणत्याही अ‍ॅपवर हे दिसत नाही. ट्रूकॉलर २००९मध्ये स्टॉकहोममध्ये सुरू झालं. लोकांनी त्या नंबरला जे नाव दिलंय ते ते दाखवतं. म्हणजे शेजारच्या काकूच परत आल्या, फक्त या काकूंनी त्या माणसाला कधी पाहिलेलं नाही.

भीतीचा दुसरा तोटाही आहे. माझ्यासोबत शिकलेले लोक म्युनिक, टोरांटो, दुबईत आहेत. गावाकडचे आईवडील आता +९१ सोडून काहीही आलं की फोन उचलत नाहीत. पोराचा मोबाईल हरवला, त्याने मित्राच्या फोनवरून घरी लावला, तर? नियम साधा ठेवता येतो. अनोळखी परदेशी नंबर उचलायला हरकत नाही. उलट लावायचा नाही, आणि पैसे, ओटीपी किंवा अटकेचं नाव निघालं की ठेवून द्यायचा. संशयास्पद कॉल संचार साथीच्या ‘चक्षू’वर कळवायचा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावायचा.

आणि ओळख पटवायला घरातल्यालाच माहीत असेल असा एक प्रश्न ठरवून ठेवायचा. आमच्या घरात तो आजीच्या म्हशीच्या नावाचा आहे. ते नाव कुठल्याही सर्व्हरवर नाही.